चाँदबिबी : कादंबऱ्यांतली, फोनवरच्या गोष्टींतली आणि आपल्या किल्ल्याची

भुईकोट_सोलापूर (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकते. लांबलंय, सांभाळून घ्या.

गड्ड्याच्या जत्रेला भाची आली होती घरी. नंदीध्वज बघून आलो, जेवणं झाली, आणि ही पोरगी एका कोपऱ्यात फोनमध्ये डोकं घालून बसलेली. विचारलं काय वाचायलीस एवढं, तर म्हणाली आत्या, चाँदबिबीवर गोष्ट आहे, भाग ३४ आलाय. मी म्हटलं दे लिंक. दोन रात्रीत सगळे भाग वाचून काढले. आणि मग मला नादच लागला, वाचनालयातून तिच्यावरची मिळतील ती पुस्तकं आणली, मुलांसाठीची छोटी चरित्रं, जुन्या दिवाळी अंकातल्या कथा, सगळं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते, इतिहास शिकलेली नाही, पण वाचताना जे खटकलं ते हिशेब जुळत नसल्यासारखं खटकलं म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे वय. नगरच्या किल्ल्याला मोगलांचा वेढा पडला डिसेंबर १५९५ मध्ये. तिचा जन्म साधारण १५५० चा धरतात. म्हणजे मोगलांच्या सुरुंगाने तटाला पडलेल्या भगदाडात तलवार घेऊन उभी राहिली तेव्हा ती पंचेचाळिशीची बाई होती, नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, पोटी मूल नाही. आणि पुस्तकांत? विशीतली, हरिणीचे डोळे, कमनीय बांधा. मी स्वतः चव्वेचाळीसची आहे. या वयात गुडघे दुखतात, झोप लागत नाही, आणि कोण खरं बोलतंय कोण खोटं ते मात्र चेहऱ्यावरून कळायला लागलेलं असतं. हे सगळं एका लेखकाला सुद्धा वापरावंसं वाटू नये?

दुसरं म्हणजे आपलं सोलापूर. अहो, हा आपला सिद्धेश्वर तळ्याकाठचा किल्ला तिच्या आंदणात दिलेला आहे! हुसेन निजामशहाने मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली ती तालिकोटच्या लढाईच्या आधी, विजयनगरविरुद्ध सगळे एक व्हावेत म्हणून, आणि सोबत सोलापूर दिलं. बदल्यात अलीची बहीण निजामशहाच्या मुलाला. त्याच्या आधी १५२४ साली उलटं झालेलं, विजापूरची मुलगी निजामशहाला दिली आणि तेव्हाही आंदण सोलापूरच ठरलेलं, पण ते दिलं नाही असं निजामशाहीचं म्हणणं, त्यावरून लढाया. म्हणजे दोन पिढ्या माहेर आणि सासर ज्या किल्ल्यावरून भांडतंय तोच किल्ला बांधून तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला सासरी पाठवली. मुलगी नांदली तर किल्ला राहणार, नाही नांदली तर परत तलवारी. एकाही कादंबरीत हे एका ओळीच्या वर नाही. मी रविवारी पोरांना घेऊन किल्ल्यात जाते, तिथे बाकावर बसले की हेच येतं मनात.

तिसरं म्हणजे शेवट. खरं काय झालं तर १६०० साली दुसऱ्यांदा वेढा पडला तेव्हा किल्ला आता टिकत नाही, बोलणी करून नगरच्या गादीवरच्या लहानग्या बहादूरशहाला सुखरूप बाहेर काढावं असं तिचं मत पडलं, आणि किल्ल्यातल्याच हमीदखानाने बाई फितूर झाली म्हणून ओरड उठवली, जमाव घेऊन महालात शिरला आणि तिला मारलं. आपल्याच माणसांनी. पण गोष्टींमध्ये बघा, दहातल्या आठ ठिकाणी ती तेजाबाच्या विहिरीत उडी मारते. स्वतःहून. मला वाटतं लिहिणाऱ्यांना ते खरं सोसत नाही. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून उडी मारणारी बाई पूजेला बसवता येते, आणि आपल्याच लोकांनी मारलेली बाई म्हटलं की मग मारणारे कोण हा प्रश्न येतो.

माझी आज्जी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, कैचीने पान कापता कापता ही गोष्ट सांगायची. गोळे संपले, मग तांब्याचे पैसे भरले तोफेत, ते संपले मग चांदीचे रुपये, ते संपले मग सोन्याच्या मोहरा, मग अंगावरचे दागिने. प्रत्येक टप्प्याला एक विडी वळून व्हायची आणि सुपात पडायची. दंतकथा असेल, पण माझ्यासाठी चाँदबिबी तीच. आता मी स्वतः तिच्यावर एक गोष्ट लिहायला घेतलीय आणि अडकलेय. किती बदलायची मुभा असते आपल्याला? आणि ती बोलायची कुठल्या भाषेत? तुम्ही सांगा.

नळदुर्गची_बोरी

ताई, मस्त विषय काढलात. एक भर घालतो. तिच्यावरच्या जुन्या कादंबऱ्यांपैकी एक आपल्या शेजारच्याच माणसाची आहे. कॅप्टन मेडोज टेलर, तो १८५३ पासून काही वर्षं नळदुर्गला अधिकारी होता, किल्ल्यातच राहायचा, आमच्याकडे अजून म्हातारी माणसं टेलरसाहेबाचं नाव घेतात. त्याची चाँदबिबीवरची तीन खंडांची इंग्रजी कादंबरी तो गेल्यावर १८७८ मध्ये आली. त्याची राणी फार सोज्वळ आहे, दयाळू, सगळ्यांना माफ करणारी, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली बाई वाटते वाचताना. पण माणसाने दख्खन पायाखाली घातलेली होती, त्यामुळे पाऊस, काळी माती, नद्यांचे पूर हे वाचावं तर त्याच्याकडे.

आणि नळदुर्गला आलात की किल्ल्याच्या बांधातला पाणीमहाल बघाच, पावसाळ्यात नर-मादी धबधबे चालू असतात तेव्हा. तो बांध १६१३ चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळचा. नऊ वर्षांचा असताना ज्याला गादीवर बसवून चाँदबिबीने कारभार सांभाळला तोच हा पोरगा. तिने वाढवलेल्या मुलाने काय बांधलं ते बघायचं असेल तर सोलापूरपासून तासाभराची वाट आहे.

शाई_आणि_चहा

अय्या ताई, तो भाग ३४ माझा आहे 🙈 तुमच्या भाचीला थँक्यू सांगा.

पण मला माझी बाजू मांडायचीय. मी दयानंद कॉलेजात सेकंड इयरला आहे. आमच्या पुस्तकात चाँदबिबी चार ओळीत येते आणि चार ओळीत संपते, वेढा, शौर्य, मृत्यू, पुढचा प्रश्न. मला ती आवडली म्हणून मी तिला अजून जगवलं, फॅनफिक म्हणजे तेवढंच असतं हो, एखादं माणूस सोडवत नाही म्हणून आपण लिहीत राहतो. मी एयू पण लिहिलंय, म्हणजे त्याच माणसांना दुसऱ्या काळात नेऊन ठेवायचं. त्यात ती आपल्या जिल्ह्याची कलेक्टर आहे आणि उजनीच्या पाण्यावरून दोन तालुके भांडायलेत आणि ती मध्ये उभी आहे. ते माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं आहे.

वयाचं तुमचं बरोबर आहे, मी पंचवीस लिहिलं होतं कारण मला पंचेचाळीसच्या बाईच्या मनात काय चालतं ते माहीतच नाही. खोटं का सांगू. आणि तिला एक प्रेम दिलंय म्हणून कमेंटमध्ये मला खूप लोक बोलले, पण एवढी वर्षं एकटी राहिलेल्या बाईला कुणीतरी समोर बसून ऐकून घेणारं असावं असं मला मनापासून वाटलं. त्यात वाईट काय?

अजून एक. फॅनआर्ट आत्ताचं नाहीये! ती घोड्यावर बसून हातावर ससाणा घेऊन शिकारीला निघालीय अशी चित्रं दख्खनी चित्रकारांनी परत परत काढलीत, ती जाऊन शंभर वर्षं झाल्यावर, आणि त्यानंतर पण. न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियममध्ये त्यातलं एक आहे, साधारण १७०० चं. कुणी बघितलं होतं तिला? कुणीच नाही. आवडायची म्हणून काढली. त्यात पण ती तरुणच आहे, म्हणजे ही चूक माझ्या एकटीची नाही 😊

भुईकोट_सोलापूर

अगं बाळ, तुला दुखवायचं नव्हतं. तुझे ३४ भाग मी दोन रात्रीत वाचले यातच सगळं आलं. साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत असतानाचा तुझा भाग मला सगळ्यात आवडला, विजापूरच्या किश्वरखानाने राजवाड्यातून अक्षरशः ओढत नेऊन तिला तिकडे टाकलं तो. तिथे तू तिला रडवलं नाहीस, भिंतीवरचे डाग मोजायला लावलेस. ते खरं वाटलं. प्रेमाबद्दल माझा राग नाही, राग एवढाच की तू तिच्या प्रेमात दाखवलेल्या त्या सरदाराच्या सल्ल्यानेच ती सगळे निर्णय घेते. विजापूर सांभाळलेल्या बाईला सल्ला द्यायला हा कोण?

पंचेचाळीसच्या बाईच्या मनातलं हवं असेल तर मला मेसेज कर. खरंच कर.

नगरी_माणूस

नगरहून बोलतोय. आमच्याकडे पाथर्डी रोडला डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत आहे, सगळं गाव तिला चाँदबिबी महाल म्हणतं, सहली जातात, लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी जातात. ती सलाबतखानाची कबर आहे. मुर्तुझा निजामशहाचा वजीर होता तो, चांगला कर्तबगार. बिचाऱ्याच्या कबरीवर सुद्धा लोकांनी तिचं नाव लावून टाकलं. म्हणजे कादंबरीकारांनाच काय बोलायचं, आख्ख्या शहराने तिची गोष्ट आपल्याला हवी तशी दगडावर चढवली.

किल्ल्यात नेहरू १९४२ ते ४५ कैदेत होते, तिथे लिहिलेल्या पुस्तकात सुरुवातीलाच तिची आठवण आहे, अकबराच्या फौजेशी लढली आणि आपल्याच माणसाच्या हातून मारली गेली. तेजाबाची विहीर तिथे नाही बरं का. कैदेत बसलेल्या माणसाला ही खरी गोष्ट जास्त जवळची वाटली असावी.

बेगमपेठ

सलाम. मी कॉमेंट करत नाही कधी, नुसतं वाचतो, पण भाषेचं निघालं म्हणून लिहायलोय.

सगळ्या पुस्तकांत आणि सिरियलीत तिच्या तोंडी एक तर लखनौची उर्दू घालत्यात, नाहीतर एकदम पेशव्यांच्या वाड्यातली मराठी, "आपली आज्ञा असावी". दोन्ही चूक. दरबारात फारसी चालायची हे कबूल, पण घरात, महालात, दायीबरोबर, शिपायांबरोबर दख्खनीच चालणार की. आणि दख्खनी म्हणजे आम्ही आज सोलापुरात बोलतो त्याचीच आजी. आमची अम्मी "नक्को" म्हणती, ते तुमच्या "नको" मधनंच आलेलं आहे. "मैंच", "इदरीच", हा जो च आहे ना शेवटी, तो पण मराठीचाच. तिने वाढवलेला इब्राहिम मोठेपणी गाण्यांचं पुस्तक लिहितो तर ते दख्खनीत लिहितो, किताब-ए-नौरस, आणि त्यात सरस्वतीला नमन करतो. हे पोरगं काय ऐकत वाढलं असेल विचार करा.

माझ्या डोक्यात ती तटावर येते तेव्हा मोठं भाषण करतच नाही. भगदाड पडलंय, लोक पळायलेत, आणि ती येऊन म्हणती, "कायकू भागते? मैं इदरीच हूँ ना." बस. एवढंच. एवढ्यावर माणसं थांबतील.

भुईकोट_सोलापूर

दादा, अंगावर काटा आला वाचून. हे वाक्य मी घेऊ का गोष्टीत?

बेगमपेठ

घ्या की. विचारायचं काय त्यात.

मंगळवेढा_मास्तर

सर्वांचे वाचले. मी निवृत्त शिक्षक, त्यामुळे दोन गोष्टी जरा सविस्तर लिहितो.

एक, लोक तिला राणी, सुलताना म्हणतात आणि कादंबऱ्यांत तिला सिंहासनावर बसवतात. ती गादीवर कधीच बसली नाही. विजापुरात नऊ वर्षांच्या पुतण्याच्या नावाने, नगरमध्ये तान्ह्या बहादूरच्या नावाने, दोन राज्ये तिने दुसऱ्यांच्या नावाने चालवली. हुकूम तिचा, नाव पोराचे. माझ्या मते कादंबरीचा खरा ऐवज हा आहे, सिंहासनाचे वर्णन नव्हे. आपल्याकडे किती घरांत आजही सातबारा मुलाच्या नावावर आणि शेत आई बघते.

दोन, फितुरीचा आरोप. बोलणी चालू होती हे खोटे नाही. अकबराचा इतिहासकार अबुल फजल त्या वेळी दक्षिणेत होता आणि त्याने स्वतः लिहून ठेवले आहे की तिच्याकडून तहाची बोलणी आली होती. नगर दरबारात आहंगखान हबशी एका बाजूला आणि ती दुसऱ्या बाजूला, एकमेकांचे पटत नव्हते. म्हणजे हमीदखानाची ओरड अगदी हवेतली नव्हती, तिचा अर्थ मात्र त्याने विष कालवून लावला. पहिल्या वेढ्यानंतरही तिने वऱ्हाड देऊन तहच केला होता, तेव्हा तीच माणसे तिचा जयजयकार करत होती. चार वर्षांत काय बदलले? जो लेखक हे लिहील त्याला मी मानीन. तिने तहाचा विचार केला हे लपवायची गरज काय? किल्ल्यात उपाशी माणसे आणि एक लहान मूल असताना तहाचा विचार करणे हेही शौर्यच आहे.

आमच्या मंगळवेढ्याजवळ माचणूरला औरंगजेबाची छावणी पुढे काही वर्षे होती, त्याच्यावर पण असाच धागा व्हायला हवा, पण तो परत कधी.

शाई_आणि_चहा

सर 🙏 सातबाऱ्याचं उदाहरण वाचून मी आईला वाचून दाखवलं. ती काहीच बोलली नाही, परत वाच म्हणाली.

दगड_चुना_माती

मी बांधकामात आहे, वीस वर्षं गवंडीकाम, आता छोटी कंत्राटं घेतो. पुस्तकं कमी वाचतो पण हा धागा पोराने दाखवला. एक गोष्ट कुणीच नीट लिहीत नाही. "रातोरात तट बांधून काढला" म्हणत्यात सगळे. चुन्यातलं बांधकाम रातोरात होत नाही हो. चुना पकडायलाच दिवस जातात, त्यावर तोफेचा धक्का बसला तर सगळं ओघळून खाली. त्या रात्री भर टाकली असणार नुसती. पडलेलेच दगड, माती, लाकडं, पोती, हाताला येईल ते, आणि मोठे दगड बाहेरच्या अंगाला रचायचे, मध्ये माती ठोकायची, पाणी मारत मारत. त्याला माणसं लागतात ओळीने, टोपलं हातातनं हातात. अंधार, मशाल जास्त लावता येत नाही कारण समोरनं गोळी येती. गोंधळ करून चालत नाही. जो उभा राहून काम वाटून देतो ना, कोण दगड, कोण माती, कोण पाणी, त्याच्यावर सगळं असतं. ती रात्रभर तिथंच उभी होती म्हणत्यात ते मला पटतं, तलवारीमुळं नाही, मुकादम जागेवर असल्याशिवाय असलं काम उरकतच नाही.

भुईकोट_सोलापूर

दादा, मी दोन महिने हाच प्रसंग लिहून खोडतेय. माझ्या गोष्टीत ती तलवार उंच धरून रात्रभर उभी होती. आता ती तलवार बाजूला ठेवणार आणि टोपली पुढे सरकवणार. एक विचारते, हात कशाने फाटतात जास्त, दगडाने का मातीने?

दगड_चुना_माती

दगडानं खरचटतंय, पण फाटतंय ते चुन्यानं. जुना चुना ओल्या हाताला लागला की बोटांच्या पेरांत चिरा पडत्यात, तीन-चार दिवस भाकरी मोडताना पण झोंबतंय. तट फुटलाय म्हणजे जुन्या चुन्याची भुकटी सगळीकडं असणार.

नळदुर्गची_बोरी

हे झकास. ताई, अजून एक प्रसंग आहे तो तुमच्या गोष्टीत नक्की घ्या. सुरुंग पेरलेत ही बातमी आत दिली ती मोगलांच्याच छावणीतल्या एका शिराजी (इराणातल्या शिराजच्या) माणसाने. त्याला आतल्या लोकांची कणव आली म्हणून. आतल्यांनी काही सुरुंग शोधून रिकामे केले, बाकीच्यांचा शोध चालू असतानाच अकबराच्या मुलाने, मुरादने, बत्ती दिली. तेही सोबतच्या मोगल सेनापतीला, खानखानानला, न सांगता, श्रेय वाटून घ्यायला नको म्हणून. आणि तो खानखानान म्हणजे दोहे लिहिणारा रहीम! शाळेत आपण पाठ केलेला रहीम त्या तटाबाहेर मोगली तंबूत बसलेला होता. एवढं सगळं खरं हातात असताना लेखक लोक खोटं प्रेमप्रकरण कशाला आणतात कळत नाही (शाई बाळा, तुला नाही म्हणत, तुझं वय आहे).

शाई_आणि_चहा

काका 😄 मान्य. तो शिराजी माणूस मला द्या, मी त्याच्यावर लिहिणार.

आणि सगळ्यांना सांगायचं होतं. भाग ३५ काल रात्री टाकला. शेवटचा होता. आधी विहीर लिहून ठेवलेली मी, कव्हरवर पण विहिरीचंच चित्र होतं. ते काढलं. हमीदखानाची माणसं महालात शिरतात, आणि त्यांच्यातला एक असा आहे जो चार वर्षांपूर्वी त्या रात्री टोपल्यांच्या ओळीत उभा होता. ती त्याला ओळखते. त्याच्या बोटांवरून. एवढंच लिहिलं. कमेंटमध्ये खूप लोक चिडलेत, विहीर का काढली, शेवट का बिघडवलास, दोघी तर म्हणाल्या आता वाचणार नाही. पण मला बदलायचं नाहीये.

भुईकोट_सोलापूर

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचला. डबा तसाच राहिला. बदलू नकोस. कोण काय म्हणेल ते म्हणू दे.

शाई_आणि_चहा

ताई, ३५ शेवटचा म्हटलं खरं, पण बहादूरवर एक भाग लिहावासा वाटतोय. किल्ला पडल्यावर त्याला धरून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं, एवढं लहान लेकरू. तिथे त्याला ती आठवत असेल ना. पण तो तिला हाक काय मारत असेल तेच सुचेना. ती त्याच्या आजोबांची बहीण. मी "आजी" लिहिलं तर फार मराठी वाटतंय, "दादीजान" लिहिलं तर सिरियल वाटतीय.

बेगमपेठ

बापाची बहीण ती फुप्पी. आजोबांच्या बहिणीला आमच्या घरात फुप्पीदादी म्हणत्यात. लहान पोरांना पूर्ण म्हणायला येत नाही, माझी नात नुसतं "फुपदी" म्हणती.

शाई_आणि_चहा

फुपदी. घेतलं.